कैद्यांचा कैवारी : जॉन हॉवर्ड

(गुन्हा करणाऱ्याला शिक्षा होते, हे आपण जाणतो. पण शिक्षा भोगणारा मनुष्यही माणूसच असतो, हे समाजाला समजायला फार काळ लागला. ज्या थोर पुरुषाने स्वतःच्या डोळ्यांनी तुरुंग पाहिले, तेथील दुःखाची मोजदाद केली आणि ती सरकारपुढे ठेवली, त्याची ही जीवनकथा आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, समजा, एका गरीब मजुरावर चोरीचा आरोप आला. त्याला पकडून तुरुंगात ठेवले. काही महिन्यांनी खटला चालला. साक्षीपुरावे झाले आणि तो निर्दोष असल्याचा निकाल लागला. आता तो मजूर कोठे जाईल? तुम्ही म्हणाल, कोठे म्हणजे? आपल्या घरी जाईल!

पण सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये असे घडतच असे, असे नाही. निर्दोष ठरलेल्या माणसाला पुन्हा तुरुंगात नेत. तेथे जेलर त्याच्यापुढे हिशेब मांडी. तुरुंगात ठेवल्याची फी, कुलूप उघडण्याची फी, पहारेकऱ्याची फी! पैसे दिले, तर सुटका. नाही दिले, तर तुरुंगाचे दार बंदच. मजुराकडे पैसे नसत. तुरुंगात कमाई नसे. मग अपराध नसतानाही तो आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने आत पडून राही. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला जेलर अडवून ठेवी आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

एका माणसाला मात्र ते वावगे वाटले. त्याचे नाव जॉन हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म १७२६ साली लंडनच्या परिसरात झाला. त्यांचे वडील गाद्यागिरद्या आणि गालिचे यांचे व्यापारी होते. घरची स्थिती चांगली होती, परंतु जॉन लहान असतानाच आई वारली. जॉनची प्रकृती नाजूक होती. अभ्यासातही तो फारसा चमकला नाही. वडिलांनी त्याला एका किराणा व्यापाऱ्याकडे उमेदवारी करायला ठेवले. जॉनचे मन तेथे रमले नाही. १७४२ मध्ये वडील वारले आणि त्याच्या वाट्याला बरीच संपत्ती आली. त्याने दुकानातील उमेदवारी सोडली आणि तो प्रवासाला निघाला. चैनीत आयुष्य घालवता येईल एवढा पैसा त्याच्याजवळ होता. पण त्याच्या आयुष्याला वेगळेच वळण लागायचे होते.

१७५५ साली पोर्तुगालच्या लिस्बन शहरात मोठा भूकंप झाला. हजारो माणसे मेली. तेथे जाऊन काही मदत करावी, अशा विचाराने हॉवर्ड जहाजात बसले. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात वैर पेटले होते. वाटेत फ्रेंचांनी ते जहाज पकडले. सर्व प्रवाशांना कैद करून ब्रेस्ट या बंदरात नेले. कित्येक तास त्यांना अन्नपाणी मिळाले नाही. मग एका अंधाऱ्या, ओलसर तळघरात त्यांना कोंडले. झोपायला ओली जमीन आणि थोडा पेंढा. खायला म्हणून मांसाचा एक मोठा तुकडा आत फेकला गेला. सुरी नव्हती. माणसांना तो तुकडा जनावरांसारखा दातांनी तोडून खावा लागला.

काही काळाने एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या बदल्यात हॉवर्ड यांची सुटका झाली. ते मायदेशी परतले. पण स्वतः सुटलो यात त्यांनी समाधान मानले नाही. त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांना फ्रान्समधील इंग्रज कैद्यांची स्थिती सांगितली आणि त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. कैद म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. तो अनुभव ते कधी विसरले नाहीत.

यानंतर बेडफर्डशायर या परगण्यातील कार्डिंग्टन या खेड्यात ते राहू लागले. आपल्या जमिनीवरील कुळांसाठी त्यांनी स्वच्छ, हवेशीर घरे बांधली. खेड्यातील मुलामुलींसाठी शाळा काढल्या. दुसऱ्या पत्नीबरोबर त्यांचा संसार सुखाचा चालला होता. पण १७६५ मध्ये मुलाला जन्म दिल्यावर थोड्याच दिवसांत ती वारली. हॉवर्ड एकटे पडले.

१७७३ साली त्यांना बेडफर्डशायरचे शेरिफ नेमण्यात आले. शेरिफ हे इंग्लंडमधील जुने मानाचे पद आहे. मुंबईतही इंग्रजांच्या काळात हे पद सुरू झाले. आपण त्याला नगरपाल म्हणतो. परगण्याचा तुरुंग शेरिफच्या ताब्यात असे. पण बहुतेक शेरिफ तुरुंगाकडे फिरकतही नसत. समारंभात मिरवावे आणि तुरुंगाचे काम हाताखालच्या माणसांवर सोपवावे, अशी रीत पडली होती. हॉवर्ड यांनी ती रीत मोडली. काम आपले आहे, तर ते आपण पाहिले पाहिजे, असे त्यांना वाटले. ते स्वतः बेडफर्डच्या तुरुंगात गेले.

तेथे त्यांना काय दिसले, ते तुम्हांला आरंभीच सांगितले आहे. निर्दोष ठरलेली माणसे फी भरता येत नाही म्हणून कोठडीत बसली होती. ज्यांच्या विरुद्ध फिर्यादीच हजर झाला नाही, असेही लोक त्यांत होते.

असे का होत होते? हे समजण्यासाठी त्या काळचा तुरुंग कसा होता, ते पाहायला हवे. आज तुरुंगवास ही एक शिक्षा आहे. पूर्वी मोठ्या गुन्ह्यांसाठी तशी शिक्षा क्वचितच देत. गुन्हेगाराला फाशी देत, फटके मारत किंवा समुद्रापलीकडच्या वसाहतींत हद्दपार करत. आजच्यासारखे शिस्तबद्ध पोलीसदलही तेव्हा नव्हते. लंडनचे पोलीसदल १८२९ साली स्थापन झाले. थोडेच चोर हाती लागत आणि जे लागत त्यांना जबर शिक्षा देऊन इतरांना दहशत बसवावी, असा राज्यकर्त्यांचा विचार होता. खटला चालेपर्यंत किंवा शिक्षा अमलात येईपर्यंत माणसाला डांबून ठेवण्याची जागा, एवढाच तुरुंगाचा मुख्य उपयोग होता. याशिवाय ज्यांना कर्ज फेडता येत नसे, त्यांनाही तुरुंगात घालत.

अशा जागेवर कोण खर्च करणार? जेलरला बहुतेक ठिकाणी पगार नसे. खानावळवाला जसा गिऱ्हाइकावर जगतो, तसा जेलर कैद्यांवर जगे. तो फी घेई आणि आत दारूही विकी. अनेक तुरुंगांत कर्जदारांना सरकारातून भाकरीचा तुकडाही मिळत नसे. कोठे प्यायला पाणी नसे, तर कोठे कोठडीला खिडकीच नसे. त्या काळी इंग्लंडात घराला जितक्या खिडक्या, त्या मानाने कर द्यावा लागे. तुरुंगाचा हा कर जेलरला भरावा लागे. म्हणून काही जेलरांनी खिडक्याच बुजवून टाकल्या होत्या! आत कोंडलेल्या माणसांचा श्वास गुदमरला, तरी जेलरचा कर वाचत होता.

हॉवर्ड यांनी परगण्याच्या न्यायाधिकाऱ्यांना एक साधा उपाय सुचवला. जेलरला फीऐवजी पगार द्यावा, म्हणजे निर्दोष माणसे सुटतील. न्यायाधिकाऱ्यांना दुःख समजले, पण पैसा खर्च करायचा, तर दुसऱ्या एखाद्या परगण्यात तशी पद्धत असल्याचा दाखला हवा, असे त्यांचे म्हणणे पडले.

दुसरा कोणी असता, तर निराश होऊन घरी बसला असता. हॉवर्ड घोड्यावर बसले आणि दाखला शोधायला निघाले. शेजारच्या परगण्यात गेले. तेथेही तोच प्रकार. त्याच्या पुढच्या परगण्यात गेले. तेथेही तेच. पगाराचा दाखला काही मिळेना. मिळाला तो अन्यायाचा दाखला. गावोगाव, तुरुंगातुरुंगात तो वाढतच गेला. बेडफर्डचा दोष म्हणजे एका जेलरचा दोष नव्हता. सगळ्या देशाची पद्धतच तशी होती.

मित्रांनो, हॉवर्ड यांची काम करण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते ऐकीव माहितीवर विसंबत नसत. प्रत्येक कोठडीत स्वतः जात. तिची लांबी, रुंदी, उंची मोजत. कैदी किती, त्यांतील कर्जदार किती, हे लिहीत. भाकरीचे वजन करून पाहत. जेलर कशाकशाची फी घेतो, ते टिपून ठेवत. एकदा पाहिलेला तुरुंग काही काळाने पुन्हा पाहत.

हे काम सोपे नव्हते. तुरुंगातील दुर्गंधी त्यांच्या कपड्यांत अशी मुरे, की बंद गाडीत बसून प्रवास करणे त्यांना असह्य होई. म्हणून ते घोड्यावरूनच फिरत. टिपणवहीलाही घाण वास येई. ती विस्तवासमोर धरून शेकल्याशिवाय त्यांना वापरता येत नसे. कित्येक जेलर तर कोठडीच्या दारापाशीच थांबत. आत तापाची साथ आहे, असे सांगत. हॉवर्ड मात्र आत जात.

ही साथ म्हणजे तुरुंगाचा ताप. लोक त्याला फार भीत. तो तुरुंगाच्या भिंतींआड थांबत नसे. १७५० साली लंडनच्या एका मोठ्या न्यायालयात कैद्यांबरोबर हा ताप आला. शहराचा महापौर, न्यायाधीश आणि आणखी कितीतरी लोक त्यात दगावले. घाण हवेमुळे हा ताप येतो, अशी त्या काळची समजूत होती. आज आपण त्याला टायफस म्हणतो. कपड्यांतील उवांमुळे तो पसरतो, हा शोध १९०९ साली लागला. हॉवर्ड यांना हे कारण ठाऊक नव्हते. पण स्नान, धुतलेले कपडे, चुन्याने रंगवलेल्या भिंती आणि मोकळी हवा असेल, तेथे ताप कमी असतो, हे त्यांनी निरीक्षणाने ओळखले होते. १७७३ आणि १७७४ या वर्षांत फाशी गेलेल्या कैद्यांपेक्षा या तापाने मेलेले कैदी अधिक होते, असे त्यांना आढळले. म्हणजे न्यायाधीशाने मरणाची शिक्षा दिली नसली, तरी तुरुंगच ती देत होता!

१७७४ साली हॉवर्ड यांना इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे बोलावण्यात आले. त्यांनी पाहिलेले सांगितले. आवेशाने भाषण करण्याची त्यांना गरज पडली नाही. त्यांच्याजवळ आकडे होते. सभासदांनी त्यांचे आभार मानले. त्याच वर्षी दोन कायदे झाले. पहिल्या कायद्याने निर्दोष ठरलेल्या माणसांना फी न घेता ताबडतोब सोडण्याची आज्ञा दिली. दुसऱ्या कायद्याने तुरुंगाच्या भिंती दरवर्षी घासून चुन्याने रंगवाव्यात, खोल्या हवेशीर ठेवाव्यात, आजारी कैद्यांसाठी वेगळी खोली आणि स्नानाची सोय असावी, असे ठरवले.

कायदा झाला, म्हणजे काम झाले का? हॉवर्ड यांना तसे वाटले नाही. त्यांनी स्वखर्चाने हे कायदे छापून घेतले आणि देशातील तुरुंगांकडे पाठवले. मग ते पुन्हा प्रवासाला निघाले. कायदा पाळला जातो की नाही, हे त्यांना पाहायचे होते. पुष्कळ ठिकाणी तो पाळला जात नव्हता. तेही त्यांनी लिहून ठेवले.

१७७७ साली त्यांनी आपल्या पाहणीचे मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात इंग्लंड आणि वेल्समधील तुरुंगांची एकेक करून माहिती दिली आहे. १७७६ साली तेथील तुरुंगांत ४,०८४ कैदी असल्याचे त्यांनी मोजले होते. त्यांतील २,४३७ केवळ कर्जदार होते. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांनी ना चोरी केली होती, ना खून. ती फक्त गरीब होती.

हॉवर्ड दुसऱ्या देशांतही गेले. हॉलंडमधील तुरुंग त्यांना पुष्कळ बरे वाटले. तेथे स्वच्छता होती, कैद्यांना काम दिले जाई आणि कर्जासाठी फार थोडे लोक कैदेत असत. घेंट या शहरात कैदी दिवसा एकत्र काम करत आणि रात्री वेगवेगळ्या खोल्यांत झोपत. जे चांगले दिसले, ते त्यांनी मोकळेपणाने लिहिले. फ्रान्समधील बास्तिल किल्ल्याच्या तुरुंगात मात्र त्यांना कोणी शिरू दिले नाही.

शिक्षेचा हेतू माणूस सुधारणे हा असावा, असे त्यांचे मत बनले. यासाठी कैद्याला काम, शिस्त, स्वच्छता आणि रात्री एकांत मिळावा, असे ते म्हणत. त्यांच्यानंतर काही देशांत या एकांताचा अतिरेक झाला. कैद्याला रात्रंदिवस एकटे कोंडून ठेवणारे तुरुंग बांधले गेले. त्यामुळे कित्येकांची मने खचली. चांगला विचारही विचार न करता ताणला, तर त्यातून नवे दुःख निर्माण होते, हे यावरून दिसते.

पुढे प्लेगच्या साथीने त्यांचे लक्ष वेधले. बाहेरून येणाऱ्या जहाजांवरील माणसांना बंदरात वेगळे ठेवत. त्या जागांची स्थिती कशी आहे, हे पाहण्यासाठी हॉवर्ड यांनी मुद्दाम साथीच्या संशयातील जहाजातून प्रवास केला. मग व्हेनिसमध्ये ४२ दिवस ते स्वतः तसे वेगळे राहिले. याच सुमारास इंग्लंडमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यासाठी वर्गणी गोळा होत असल्याची बातमी त्यांना कळली. त्यांना फार संकोच वाटला. त्यांनी पत्रे लिहून ते काम थांबवायला लावले. त्यांच्या मनात दुसरेही एक दुःख होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला वेडाने ग्रासले होते. परक्यांच्या दुःखासाठी देशोदेशी फिरणाऱ्या या पित्याला आपल्या मुलाला पुरेसा सहवास देता आला नव्हता.

१७८९ मध्ये त्रेसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ते शेवटच्या प्रवासाला निघाले. रशियाच्या साम्राज्यातून फिरत ते खेरसोन येथे पोहोचले. हे शहर आज युक्रेन देशात आहे. तेथील लष्करी रुग्णालयांत सैनिक तापाने मरत होते. हॉवर्ड त्यांची विचारपूस करू लागले. एका आजारी तरुणीला पाहण्यासाठी ते थंडीपावसात घोड्यावरून दूर गेले. परत आल्यावर त्यांनाही ताप चढला. २० जानेवारी १७९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. माझ्या कबरीवर एक छायाघड्याळ ठेवा आणि मला विसरून जा, अशी त्यांची इच्छा होती. लोकांनी ती पाळली नाही. लंडनच्या सेंट पॉल या भव्य चर्चमध्ये सर्वांत पहिला पुतळा उभारला गेला, तो हॉवर्ड यांचा. त्यांनी तुरुंगांसाठी सुमारे ६७,००० किलोमीटर प्रवास केला, असे मानतात. तेव्हा आगगाडी नव्हती, हे विसरू नका.

विद्यार्थी मित्रांनो, कैद, कैदी, वकील, गुन्हा हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. शब्द दोन्ही भाषांनी सारखेच जपले, तशी त्यांमागची जबाबदारीही सर्वांची सारखीच आहे. आपल्या देशातही हा प्रश्न जुना झालेला नाही. १९७९ साली बिहारमधील तुरुंगांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. खटला न चालताच अनेक माणसे वर्षानुवर्षे कैदेत होती. आरोप सिद्ध झाला असता, तर जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहूनही जास्त काळ काहींनी तुरुंगात काढला होता. खटला लवकर चालणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दंडाची किंवा जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये एक योजना आखली. हॉवर्ड यांनी बेडफर्डच्या दारात जो प्रश्न पाहिला, तोच हा प्रश्न आहे. माणूस अपराधामुळे आत आहे, की गरिबीमुळे?

जॉन हॉवर्ड हे मोठे विद्वान नव्हते. त्यांच्या हाती राज्यही नव्हते. आपल्याकडे आलेले काम त्यांनी स्वतः जाऊन पाहिले, जे दिसले ते खरे लिहिले आणि सुधारणा झाली की नाही, हे पाहायला पुन्हा गेले. एवढ्या तीन गोष्टींनी त्यांनी बंद दारे उघडली. अन्याय सर्वत्र आहे, असे दिसले, म्हणजे पुष्कळ लोक त्याला रीत म्हणू लागतात. तुम्ही मात्र तसे म्हणू नका. आधी जाऊन पाहा.

शब्दार्थ

कैवारी – बाजू घेणारा, मदत करणारा
वावगे – अयोग्य, चुकीचे
उमेदवारी – काम शिकण्यासाठी केलेली नोकरी
परगणा – देशाचा लहान विभाग, जिल्हा
हद्दपार करणे – देशाबाहेर घालवणे
दाखला – उदाहरण, पुरावा
अतिरेक – प्रमाणाबाहेर जाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हॉवर्ड यांना फ्रेंचांनी कोठे कैदेत ठेवले?
(आ) काही जेलरांनी खिडक्या का बुजवल्या?
(इ) १७७६ साली तुरुंगांत कर्जदार कैदी किती होते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) निर्दोष ठरलेली माणसे तुरुंगात का अडकून पडत?
(आ) हॉवर्ड यांची पाहणी करण्याची रीत कशी होती?
(इ) १७७४ च्या दोन कायद्यांनी कोणत्या सुधारणा झाल्या?

३. वाक्यात उपयोग करा.
खटपट करणे, विसंबून राहणे, आयुष्याला वळण लागणे, प्राणज्योत मालवणे.

४. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले, न्यायालय व तुरुंग यांच्याशी संबंधित पाच शब्द शोधून लिहा.